चढावर दम सोडणारी गोल्फ कार्ट

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलात मुख्य फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंतचा रस्ता येऊरच्या डोंगराच्या दिशेने चढत जातो. त्या चढावर ज्येष्ठ नागरिकांची आणि सामानाची ने-आण करण्यासाठी सोसायटीने ४८ व्होल्टची, सहा आसनांची विजेवर चालणारी गोल्फ कार्ट घेतलेली आहे. ही गाडी उन्हाळ्याच्या अखेरीस अधूनमधून बंद पडू लागली आणि पहिल्या पावसानंतर तर हा प्रकार रोजचाच झाला. देखभाल करणाऱ्या एजन्सीच्या माणसाने बॅटरीचा व्होल्टेज पाहिला, तो ठीक भरला, आणि कंट्रोलर बदलावा लागेल असे सांगून त्याने दरपत्रक पाठवून दिले. मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर हा गाडीतला सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. माझी सगळी नोकरी टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात झाली असल्याने, खर्च मंजूर करण्यापूर्वी आपण एकदा पाहावे, असे समितीने मला सुचवले. गाडीचा दोष कसा सापडला हे इथे सविस्तर लिहितो, कारण ठाणे आणि नवी मुंबईतल्या मोठ्या संकुलांत अशा गाड्या आता सर्रास दिसतात आणि बहुतेक ठिकाणी कंट्रोलरच बदलला जातो.

मुळात ही गाडी ज्या कामासाठी घडवली गेली ते काम हलके असते. खारघरला सिडकोचे गोल्फ मैदान आहे. तिथल्यासारख्या हिरवळीवर दोन खेळाडू आणि त्यांच्या पिशव्या घेऊन थोडे चालायचे, बराच वेळ उभे राहायचे, पुन्हा थोडे चालायचे, असा तिचा दिनक्रम असतो. संकुलात हीच गाडी, किंवा तिच्यावर आसने वाढवून केलेली तिची मोठी बहीण, पूर्ण भार घेऊन दिवसभर चढ-उतार करते. चढावर मोटर सपाट रस्त्याच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचते. त्यामुळे सपाटीवर जो कच्चा जोड वर्षभर लपून राहिला असता, तो इथे उघडा पडतो.

कायमची बंद पडलेली गाडी तपासणे सोपे असते, कारण दोष जागेवर बसून आपली वाट पाहत असतो. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र तपासायला घेतली की शहाण्यासारखी चालते. कार्यशाळेत उभी करून घेतलेल्या मापांना इथे फार अर्थ नसतो. दोष घडत असतानाच माप हाती लागले पाहिजे. आणि त्याच्याही आधी, दोष कोणत्या परिस्थितीत घडतो हे नीट कळले पाहिजे. सुरक्षा चौकीतल्या नोंदवहीत तोपर्यंत फक्त ‘गाडी बंद पडली, नंतर चालू झाली’ असेच लिहिलेले होते. मी चालकाला प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायला सांगितल्या: जागा कोणती, गाडीत माणसे किती, शेवटचे चार्जिंग होऊन किती फेऱ्या झाल्या, आणि बंद पडताना आसनाखालून ‘टक’ असा आवाज आला की नाही.

आठवडाभराने वही चाळली तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी मिसळलेल्या दिसल्या. चालक म्हणाला, “साहेब, गतिरोधकावर आदळली की टक करून एकदम बंद होते, पेडल सोडून परत दाबलं की चालते. पण चढाला तसं नाही. तिथं हळूहळू दम सोडते, आवाज काही येत नाही, आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा चढते.” त्याच्या या तीन वाक्यांत निम्मे निदान होते. एजन्सीच्या माणसाने ती त्याला विचारली असती तर दरपत्रक लिहिण्याची वेळ आली नसती.

‘टक’ या आवाजाला मी एवढे महत्त्व का देतो ते सांगायला हवे. या गाड्यांमध्ये दोन स्वतंत्र मंडले असतात. बॅटऱ्या, जाड केबल, सोलेनॉइडचे (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचचे) मुख्य संपर्क, कंट्रोलर आणि मोटर यांतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. हे मुख्य मंडल. किल्लीचा स्विच, पुढे-मागे जाण्याचा स्विच, पेडलखालचा मायक्रोस्विच, टो-रन स्विच (गाडी ओढून न्यायची की चालवायची हे ठरवणारा) आणि सोलेनॉइडची कॉइल यांतून अगदी थोडा प्रवाह वाहतो. हे नियंत्रण मंडल. पेडल थोडेसे दाबले की मायक्रोस्विच जुळतो, कॉइलला वीज मिळते, सोलेनॉइड ‘टक’ करून बसतो आणि मुख्य मंडल पूर्ण होते. चालत्या गाडीत पेडल दाबलेले असताना सोलेनॉइड सुटल्याचा आवाज आला, तर वीज नियंत्रण मंडलात खंडित झाली. आवाज न येता गाडी मंदावली, तर सोलेनॉइड बसलेलाच आहे आणि दोष मुख्य मंडलात किंवा कंट्रोलरच्या स्वतःच्या निर्णयात आहे. या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र अर्धे होते, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

चढावर दम सोडून विश्रांतीनंतर पुन्हा चालणे हे लक्षण फार फसवे आहे, कारण ते तीन अगदी भिन्न कारणांनी दिसते. पहिले कारण म्हणजे थकलेली बॅटरी. मोठा प्रवाह खेचला की प्लेटांजवळचे आम्ल विरळ होते आणि व्होल्टेज कोसळतो. गाडी थांबवली की आजूबाजूचे आम्ल प्लेटांपर्यंत पोचते आणि व्होल्टेज पुन्हा वर येतो. दुसरे कारण म्हणजे तापणारा कच्चा जोड. तापला की तो अधिक अडथळा करतो, निवला की पुन्हा बरा वागतो. तिसरे कारण म्हणजे कंट्रोलरची संरक्षण व्यवस्था. त्याचे तापमान मर्यादेबाहेर गेले की तो स्वतःहून मोटरला द्यायचा प्रवाह कमी करतो आणि थंड झाला की पुन्हा वाढवतो. तिन्ही प्रसंगी चालकाचा अनुभव एकच असतो. म्हणून ‘थोडा वेळ उभी केली की चालते, म्हणजे कंट्रोलर तापतो’ हा निष्कर्ष मला पटत नाही. तो खरा असू शकतो, पण उरलेली दोन कारणे मापून खोडल्याशिवाय तो काढता येत नाही.

बॅटरीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे असते. आमच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे एकूण २४ सेल. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेल्या अशा संचाचा व्होल्टेज साधारण ५०.९ यायला हवा, तो ४८.४ च्या आसपास असेल तर निम्मा चार्ज संपलेला आहे असे समजावे. म्हणजे मीटरवर ‘४८’ दिसले म्हणून समाधान मानणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात निम्म्याहून रिकामी झालेली बॅटरी पाहिलेली असते. चार्जर काढल्याबरोबर घेतलेले मापही खोटे असते, कारण त्या वेळी पृष्ठभागावरचा चार्ज आकडा फुगवतो. आणि विसाव्यातला व्होल्टेज उत्तम असूनही एखादा सेल भाराखाली मान टाकू शकतो. म्हणून प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज गाडी चढावर असताना वेगवेगळा मोजावा लागतो. २४ सेलच्या संचाला भाराखाली ४२ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक सेलला १.७५ व्होल्ट, ही रिकामे होण्याची रूढ मर्यादा मानली जाते. सहांपैकी पाच बॅटऱ्या सारख्याच उतरत असतील आणि सहावी मात्र एक-दीड व्होल्टने अधिक खाली जात असेल, तर दोष तिच्यात आहे.

हायड्रोमीटर हे जुने, काचेचे, स्वस्त उपकरण आजही या कामात मीटरपेक्षा अधिक सांगते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमधल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) साधारण १.२६५ ते १.२८० असते. एकाच संचातल्या दोन सेलमध्ये ०.०५० एवढा किंवा त्याहून अधिक फरक आढळला, तर कमी मापाचा सेल खराब होत चालला आहे. डिस्टिल्ड वॉटर घातल्याबरोबर हे माप घेऊ नये. पाणी आम्लात मिसळायला चार्जिंग व्हावे लागते. आमच्या पाचव्या बॅटरीतला एक सेल इतरांच्या मागे होता, पण ०.०५० एवढा नाही. चढाच्या तक्रारीचे स्पष्टीकरण तेवढ्याने होत नव्हते.

त्यानंतरचे काम चालत्या गाडीतले असल्याने आधी सुरक्षिततेविषयी. ४८ व्होल्टचा धक्का कोरड्या हाताला सहसा जाणवत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण एखादा पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर त्यातून क्षणात हजारो अँपिअर वाहू शकतात, पाना लाल होतो आणि बॅटरी फुटू शकते. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून चार्जिंग नुकतेच संपलेले असताना आसन उचलून लगेच जोड सोडवू नयेत. कोणतीही केबल काढण्यापूर्वी किल्ली बंद करून टो-रन स्विच ‘टो’वर करावा. कंट्रोलरमधले कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही वेळ भरलेले राहतात, त्यांना सवड द्यावी. उभ्या गाडीत पेडल दाबून पाहायचे असेल, तर मागची चाके जॅकने उचलून घोडीवर टेकवावीत आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. निव्वळ जॅकवर गाडी ठेवून पेडल दाबण्याचा प्रकार मी कारखान्यात पाहिलेला आहे आणि तो कुणी करू नये.

नियंत्रण मंडलासाठी मी कारखान्यातल्या पॅनेलवर असतात तसे ४८ व्होल्ट डीसीचे तीन छोटे निर्देशक दिवे एका प्लायवूडच्या तुकड्यावर बसवले आणि लांब वायरींनी ते गाडीत जोडले. प्रत्येक वायरीत लहान फ्यूज घातला. पहिला दिवा किल्लीच्या स्विचनंतरच्या बिंदूवर, दुसरा पेडलच्या मायक्रोस्विचनंतर, आणि तिसरा थेट सोलेनॉइडच्या कॉइलच्या दोन टोकांवर. अनेक गाड्यांत कॉइलची एक बाजू कंट्रोलर सांभाळतो, म्हणून कॉइलवरचा दिवा तिच्या दोन्ही टोकांमध्येच जोडायला हवा. गाडी बंद पडताना कोणता दिवा आधी विझतो हे पाहिले की दोष कोणत्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे ते कळते.

चौथा दिवा सोलेनॉइडच्या पुढच्या मोठ्या टर्मिनलवर लावण्याचा मोह होतो, पण तो उपयोगाचा नाही, आणि याचे कारण अनुभवी वायरमनलाही पुष्कळदा ठाऊक नसते. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलांमध्ये एक प्रीचार्ज रेझिस्टर जोडलेला असतो. कंट्रोलरमधले कपॅसिटर तो आधीच हळूहळू भरून ठेवतो, जेणेकरून संपर्क जुळताना मोठी ठिणगी पडू नये. या रेझिस्टरमुळे सोलेनॉइड सुटलेला असतानाही पुढच्या टर्मिनलवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतो, आणि छोटा दिवा तर ऐटीत पेटलेला राहतो. तिथे मीटर दोन्ही मोठ्या टर्मिनलांच्या मध्ये जोडावा. संपर्क चांगले असतील तर भाराखालीही तो शून्याच्या अगदी जवळ, फार तर दशांश एक-दोन व्होल्ट दाखवतो. जळालेल्या, खड्डे पडलेल्या संपर्कांवर तोच आकडा वाढतो आणि नाचतो. रेझिस्टरच तुटलेला असेल तर दर वेळी ठिणगी पडून संपर्क लवकर खराब होतात. म्हणून सोलेनॉइड बदलताना जुना रेझिस्टर मोजल्याशिवाय परत लावू नये.

रिकाम्या गाडीत दोष येत नव्हता. तेव्हा बागेच्या कामासाठी आणलेल्या रेतीच्या गोण्या मागच्या आसनांवर रचल्या, चालकाला सुकाणूवर बसवले आणि मी दिव्यांची फळी मांडीवर घेऊन शेजारी बसलो. सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींनी या मिरवणुकीची बरीच चौकशी केली. दुसऱ्या इमारतीसमोरच्या गतिरोधकावर मागचे चाक आदळले, दुसरा आणि तिसरा दिवा एकदम विझले, पहिला तसाच राहिला, आणि आसनाखाली ‘टक’ झाले. किल्लीपर्यंत वीज होती, मायक्रोस्विचच्या पुढे नव्हती.

पेडलची पेटी उघडली तेव्हा आत पाण्याचे ओघळ आणि मातीचा थर होता. सफाई कर्मचारी गाडी धुताना पाण्याचा पाइप थेट पायाखालच्या फळीवर मारत होते, आणि पावसाने उरलेले काम केले होते. मायक्रोस्विच दाबलेल्या स्थितीत त्याच्या दोन टोकांमध्ये खरे तर काहीच व्होल्टेज दिसता कामा नये. इथे पेटीवर हलक्या हाताने टिचकी मारली की तीन-चार व्होल्टपर्यंत हेलकावे दिसत. गतिरोधकावर एक क्षणभर संपर्क सुटला की कॉइल सोलेनॉइडला सोडून देत असे. मग पेडल सोडून पुन्हा दाबल्याशिवाय गाडी का चालत नव्हती? काही कंट्रोलर पेडल आधीच दाबलेले असताना नव्याने वीज मिळाली तर मोटरला प्रवाह देत नाहीत. गाडी अचानक उसळी घेऊ नये म्हणून ते पेडल शून्यावर येण्याची वाट पाहतात. म्हणजे चालकाला जो कंट्रोलरचा बिघाड वाटत होता, ती कंट्रोलरची सावधगिरी होती. मायक्रोस्विच आणि त्याच्या वायरींचे कनेक्टर बदलले, पेटीच्या झाकणाला नवी रबरी गॅस्केट बसवली, आणि पाइपऐवजी ओल्या फडक्याने गाडी पुसावी अशी सूचना लावून घेतली.

गतिरोधकाची तक्रार तिथेच संपली. चढाची मात्र तशीच राहिली. दोन दोष एकाच वेळी असले की पहिला दुरुस्त झाल्यावरही गाडी बंद पडतेच, आणि मग दुरुस्ती फुकट गेली असे समजून सगळेच कंट्रोलरकडे बोट दाखवू लागतात. वहीत दोन तक्रारी वेगळ्या लिहिलेल्या होत्या म्हणून तो गोंधळ टळला.

चढासाठी दोन मीटर घेतले. एक बॅटरी संचाच्या पहिल्या धन टोकापासून शेवटच्या ऋण टोकापर्यंत, दुसरा कंट्रोलरच्या दोन मुख्य टर्मिनलांवर. सपाटीवर दोघांचे आकडे जवळजवळ सारखे होते. चढाच्या मध्यावर गाडीने दम सोडायला सुरुवात केली तेव्हा दोन्ही आकडे एकत्रच खाली आले. त्यामुळे सोलेनॉइड आणि त्याच्यापासून कंट्रोलरपर्यंतची केबल या दोघांना निर्दोष ठरवता आले, आणि कंट्रोलरलाही; कारण त्याच्यापर्यंत पोचणारा व्होल्टेजच अपुरा होता आणि कमी व्होल्टेजला तो शक्ती कमी करणारच. कंट्रोलर तापून मंदावला असता तर बॅटरीचा व्होल्टेज उलट वर चढला असता, कारण भार हलका झाला असता. हे शेवटचे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: गाडी मंदावताना संचाचा व्होल्टेज पडतो की चढतो, यावरून संच आणि कंट्रोलर यांच्यातला निवाडा बहुधा लागतो.

आता संचाच्या आतच शोधायचे होते, आणि तिथे बॅटऱ्या व त्यांना जोडणाऱ्या आखूड केबल एवढेच घटक उरतात. एकेका बॅटरीचा व्होल्टेज तिच्या शिशाच्या खांबांवर मीटरची टोके टेकवून चढावर मोजला. पाचवी थोडी मागे होती, बाकीच्या ठीक. पण सहांची बेरीज संचाच्या एकूण मापापेक्षा जवळपास दोन व्होल्टने जास्त भरत होती. हे दोन व्होल्ट जोडांमध्येच हरवत असणार. मग प्रत्येक आखूड केबलच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मोजत गेलो. चार जोडांवर मीटर जेमतेम हलला. तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीमधल्या केबलवर मात्र दीड व्होल्टहून अधिक दिसले, आणि चढ लांबत गेला तसा आकडा वाढत गेला.

दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण १५० अँपिअर प्रवाहाला दीड व्होल्टची घट म्हणजे अवघा ०.०१ ओहमचा अडथळा, आणि त्यात होणारी उष्णता २२५ वॉट, म्हणजे सोल्डरिंगच्या २५ वॉटच्या नऊ इस्त्र्या एकाच थिंबलमध्ये (केबलच्या टोकावर बसवलेल्या धातूच्या जोडात) खुपसून ठेवाव्यात तसा प्रकार. साध्या मल्टिमीटरच्या ओहम मापनात ०.०१ ओहम दिसतच नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून अधिक असतो. म्हणून ‘केबल तपासली, कंटिन्युइटी बरोबर आहे’ या वाक्याला मोठ्या प्रवाहाच्या मंडलात काही किंमत नाही. तिथे भाराखालची व्होल्टेजची घट हीच खरी परीक्षा आहे. उभी केल्यावर लगेच हाताची पाठ प्रत्येक थिंबलजवळ नेऊन पाहिली तरी पुष्कळ कळते, फक्त स्पर्श करण्याआधी अंतर राखावे. आमचे ते थिंबल हात लावण्याजोगे नव्हते.

केबल बाहेरून निर्दोष दिसत होती. नट घट्ट होता, वरचे काळे आवरण अखंड होते, थिंबलवर पावडरही फारशी नव्हती. कापून उघडल्यावर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या-निळ्या पडून ठिसूळ झालेल्या निघाल्या आणि त्यांतल्या कित्येक चिमटीत भुगा झाल्या. थिंबल दाबून नव्हे, हातोड्याने ठोकून बसवलेले होते. ठोकलेल्या थिंबलमध्ये तारांच्या मध्ये पोकळी राहते. चार्जिंगच्या वेळी उडणारे आम्लाचे सूक्ष्म थेंब त्या पोकळीतून केशाकर्षणाने आवरणाच्या आत शिरतात आणि तांबे आतून खाऊ लागतात. आपल्याकडची पावसाळ्यातली दमट हवा या प्रक्रियेला मदतच करते. त्यात आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरण्याची पद्धत होती. चार्जिंगमध्ये द्रव प्रसरण पावतो, बुडबुडे उठतात आणि आम्ल झाकणांवरून बाहेर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे, बाकीचे चार्जिंग संपल्यावर घालावे, आणि मानेच्या खालपर्यंतच घालावे.

एकच केबल बदलण्याऐवजी मी केबलचा संपूर्ण संच बदलायला सांगितला, कारण सगळ्या केबल एकाच हाताने, एकाच दिवशी ठोकलेल्या होत्या. वागळे इस्टेटमधल्या एका कार्यशाळेतून ३५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या केबल, कथिल चढवलेली थिंबल हायड्रॉलिक यंत्राने दाबून आणि तोंडाशी चिकटद्रव्य असलेली आकसणारी नळी चढवून करून घेतल्या. सगळ्यांचा मिळून खर्च कंट्रोलरच्या दरपत्रकापुढे नगण्य होता. खांब खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले (झाकणे घट्ट लावून, कारण सोडा सेलमध्ये गेला तर आम्ल निकामी होते), तारेच्या ब्रशने चकचकीत केले, नट उत्पादकाने सांगितलेल्या बलानेच आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. थिंबल आणि खांब यांच्या मध्ये वॉशर घालू नये, तो नटाच्या बाजूला असावा. तो मध्ये घातला की लोखंडातून सगळा प्रवाह जायला लागतो, आणि ही चूक मी याआधीही अनेक गाड्यांत पाहिली आहे.

आमच्या गाडीत आढळल्या नाहीत, पण अशा तक्रारीत तपासाव्या लागतात अशा काही जागा आणखी आहेत. ब्रशच्या मोटरमध्ये झिजलेले कार्बन ब्रश गतिरोधकावर उडतात आणि क्षणभर प्रवाह तुटतो. हे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या कम्युटेटरवर काळे, खरबरीत पट्टे दिसले तर संशय पक्का. काही गाड्यांत मोटरच्या आसावर वेग मोजणारा संवेदक असतो, त्याचा संदेश तुटला की कंट्रोलर गाडीला कासवगतीवर आणतो. पेडल किती दाबले हे कंट्रोलरला कळवणारा पोटेन्शिओमीटर एखाद्या जागी झिजला असेल तर पेडल सावकाश दाबताना ठरावीक बिंदूवरच गाडी अडखळते. चार्जर जोडलेला असताना गाडी हलू नये म्हणून असलेला इंटरलॉकही अधूनमधून उगाच जागा होतो. आणि कंट्रोलरवर दोष दाखवणारा छोटा दिवा असेल, तर तो किती वेळा लुकलुकतो हे मोजून माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे. ही फुकटची माहिती आमच्या एजन्सीच्या माणसानेही घेतलेली नव्हती.

नव्या केबल लावल्यावर त्याच गोण्या, तोच चढ आणि तेच मीटर घेऊन मापे पुन्हा घेतली. एकाही आखूड केबलवर दशांश एक व्होल्टएवढीही घट दिसली नाही, आणि बॅटऱ्यांची बेरीज संचाच्या मापाशी जुळली. संपूर्ण पावसाळ्यात नोंदवहीत चढाची किंवा गतिरोधकाची नवी तक्रार आलेली नाही. पाचव्या बॅटरीचा तो मागे असलेला सेल मात्र तसाच आहे. समितीत एका सदस्याने तेवढीच एक बॅटरी बदलावी असे सुचवले, त्याला मी विरोध केला: जुन्या संचात एक नवी बॅटरी घातली तर चार्जिंग सगळ्यांना एकसारखे मिळत नाही, आणि नवीही लवकरच जुन्यांच्या पंक्तीला जाऊन बसते. संच अजून वर्षभर निघेल असा माझा अंदाज आहे. दर महिन्याला विशिष्ट गुरुत्वाची २४ मापे घेऊन वहीत लिहायची आणि फरक ०.०५० ला टेकला की सहाही बॅटऱ्या एकदम बदलायच्या, असे ठरले आहे.